वेल्डिंग रोबोच्या टॉर्च माउंटचे पेटंट : परीक्षण अहवालापासून निकालापर्यंतच्या नोंदी

या नोंदी वाळूज एमआयडीसीतल्या एका फिक्स्चर वर्कशॉपच्या आहेत. वस्तू लहान आहे: वेल्डिंग रोबोच्या मनगटाची फ्लॅंज आणि टॉर्च यांच्या मधे बसणारा माउंट. टॉर्च जॉबला किंवा क्लॅम्पला धडकली की माउंट उघडतो, आतला स्विच रोबो थांबवतो, आणि टॉर्च सोडून दिली की ती स्प्रिंगच्या जोरावर परत जागेवर बसते. खरी कसोटी पुढे असते. परत बसल्यावर टीसीपी, म्हणजे वायरचे टोक, पूर्वीच्याच बिंदूवर आले पाहिजे. नाही आले तर सगळा प्रोग्राम टचअप करावा लागतो. स्विंग आर्म किंवा सीट फ्रेमच्या सेलवर त्यात अर्धी शिफ्ट जाते.

माउंटची रचना आधी सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर आहे. फ्लॅंजकडची प्लेट ६०६१-टी६ अॅल्युमिनियमची, ५० मिमी पिच सर्कलवर एम६ ची चार भोके. तिच्यात कडक केलेल्या ६ मिमी डॉवेल पिनांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीची मिळून एक व्ही खाच. टॉर्चकडच्या प्लेटवर सिलिकॉन नायट्राइडचे ८ मिमीचे तीन सिरॅमिक बॉल. बॉल खाचांत बसतात, मधली स्प्रिंग दोन्ही प्लेटा ओढून धरते. बॉल दोन कामे करतात, जागा ठरवतात आणि वीज अडवतात. एरवी बाजारातल्या माउंटमध्ये वीज अडवायला नायलॉनची किंवा फायबरची रिंग असते आणि टॉर्च त्या रिंगवरच टेकते.

अर्ज ८ एप्रिल २०२४ ला भरला. प्रोव्हिजनल, म्हणजे आधी तात्पुरता अर्ज, न करता थेट पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, दिले. उद्यम नोंदणी आणि फॉर्म २८ लावल्यामुळे लघुउद्योगाचे दर लागले: अर्ज १,६०० रुपये, लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ साठी २,५००, जलद परीक्षणाचा फॉर्म १८ए साठी ८,०००. दहाच्या वर चार क्लेम (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्ये) होते, त्यांचे प्रत्येकी ३२० प्रमाणे १,२८०. एकूण १३,३८०. ते चार जादा क्लेम पुढे एकही टिकले नाहीत.

२० ऑगस्ट २०२४

पहिला परीक्षण अहवाल ईमेलने आला. त्यावर तारीख १९ ऑगस्टची. मुदत अहवालाच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही मेल कधी उघडला त्यावरून नाही. बोर्डावर दोन तारखा लिहिल्या: १९ नोव्हेंबर २०२४ फॉर्म ३, १९ फेब्रुवारी २०२५ उत्तर. उत्तराला फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने मिळतात, पण ते धरून काम आखायचे नाही असे ठरले. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले आणि परदेशातल्या अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ अहवालानंतर ३ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. परदेशात एकही अर्ज नसला तरी तसे लिहून द्यायचे.

आक्षेप असे (डी१, डी२, डी३ ही परीक्षकाने पुढे केलेली जुनी कागदपत्रे):

नावीन्य नाही (क्लेम १, २, ३ आणि ५). आधार डी१, एक जपानी पेटंट, स्प्रिंगवर सुटणारा टॉर्च माउंट.

शोधक पायरी नाही, म्हणजे या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते (सगळे १४ क्लेम). आधार डी१ आणि डी२ एकत्र. डी२ हे मोजमापाच्या प्रोबचे जुने अमेरिकी पेटंट. काही क्लेमना वर डी३, झटपट बदलायच्या टॉर्च क्लॅम्पचे.

पेटंट कायद्याचे कलम ३(एफ). माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी.

कलम १०. ‘सुमारे’, ‘तत्सम पदार्थ’ असे शब्द संदिग्ध. क्लेममध्ये आकृतीचे क्रमांक नाहीत. आकृतीच्या दुसऱ्या पानावर इंग्रजी शब्द छापलेले. आकृतीवर फक्त क्रमांक हवेत, नावे नकोत.

शेवटचा गट एका दुपारचे काम आहे. पहिले तीन म्हणजे सहा महिने.

२८ ऑगस्ट

डी१, डी२, डी३ ची पूर्ण कागदपत्रे एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावरून उतरवली. आठवडाभर फक्त सारांश वाचून उत्तराचा मसुदा चालू होता. तो सगळा टाकून दिला. सारांशात ‘सुटणारा माउंट’ एवढेच होते. आमचाही सुटणारा, मग फरक काय, याच वाटेवर गाडी अडली होती.

डी१ चे यांत्रिक भाषांतर जे-प्लॅटपॅट या जपानी पेटंटांच्या संकेतस्थळावरून घेतले. भाषांतरात एकाच भागाला तीन ठिकाणी तीन नावे आली. तिथे नावाच्या मागे न लागता आकृतीतला क्रमांक धरायचा. तो क्रमांक मजकुरात कुठे कुठे येतो ते खुणा करत गेलो, तेव्हा समजले की डी१ मध्ये टॉर्च ज्या गोल कडेवर टेकते ती कडच प्लास्टिकची आहे आणि तीच वीज अडवते. म्हणजे बाजारातल्या माउंटसारखेच. आमचा मूळ क्लेम १ असा होता: ‘पहिली प्लेट, दुसरी प्लेट, त्यांच्या मधले स्थाननिश्चितीचे घटक, लवचीक साधन आणि संवेदक असलेला माउंट.’ हे शब्द जपानी माउंटला जसेच्या तसे लागू होतात. आक्षेप बरोबर आहे. क्लेम १ मध्ये बॉल नाहीत, सिरॅमिक नाही, खाचा नाहीत. स्पर्धकाला वाट मोकळी राहू नये म्हणून जाळे इतके मोठे टाकले की जुनी वस्तूच त्यात सापडली.

१० सप्टेंबर

डी२ आधी का सापडले नाही ते तपासले. अर्जाआधी जुनी पेटंटे शोधली तो आमचा शोध ‘टॉर्च’, ‘ब्रॅकेट’, ‘धडक’ अशा शब्दांवर होता. डी२ मध्ये वेल्डिंग हा शब्दच नाही. पेटंटांच्या वर्गीकरणात त्याचा वर्ग जी०१बी ५/०१२, मोजमापाचे स्पर्शटोक. आम्ही पाहायला हवे होते ते वर्ग असे: बी२३के ३७/०२ (वेल्डिंगचा भाग धरणारी साधने), बी२३के ९/२८ आणि ९/२९ (इलेक्ट्रोड धरणारी साधने), बी२५जे १९/०६ (रोबोची सुरक्षा साधने), बी२५जे १५/०४ (रोबोचे डोके काढण्याघालण्याची सोय). आणि ज्या तत्त्वावर वस्तू चालते त्याचा स्वतंत्र शोध. तीन बॉल आणि तीन खाचा हे तत्त्व मोजमापाच्या दुनियेत जुने आहे, तर शोध तिथेच घ्यायला हवा होता. ब्रॅकेट बनवणाऱ्याला ब्रॅकेटच दिसतात. परीक्षक तत्त्व शोधतो.

३ ऑक्टोबर

फरकाचा तक्ता तयार. आडव्या ओळींत आमचे भाग, उभ्या रकान्यांत डी१, डी२, डी३. प्रत्येक चौकोनात ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकेच न लिहिता तो भाग तिथे काय काम करतो तेही लिहिले. याच रकान्यातून उत्तर निघाले.

डी२ चा प्रोब असा चालतो: स्टायलसच्या डोक्याला तीन दांड्या, प्रत्येक दांडी दोन बॉलवर टेकलेली, वरून स्प्रिंगचा दाब. दांड्या आणि बॉल यांच्यातून वीज जाते, सहाही स्पर्श एकाच सर्किटमध्ये. स्टायलसला जॉब लागला की एखादा स्पर्श सुटतो, सर्किट तुटते, मशीनला खूण मिळते. १९७० च्या दशकात डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या इंधननळ्या मोजायला टच ट्रिगर प्रोब बनवला, तेव्हापासून हे तत्त्व कारखान्यांत आहे. चिकलठाण्याच्या टूलरूममधल्या सीएमएमवर, म्हणजे मापे घेणाऱ्या यंत्रावर, असलाच प्रोब रोज चालतो. म्हणून ‘या क्षेत्रातल्या माणसाला हे माहीतच नव्हते’ असा युक्तिवाद करायचा नाही. तो टिकणार नाही आणि खराही नाही.

पण तिथे बॉलमधून वीज गेलीच पाहिजे. वीज थांबणे हीच त्याची खूण. आमच्याकडे बॉलमधून वीज जाताच कामा नये. टॉर्चकडे वेल्डिंगचा करंट असतो, तो फ्लॅंजमधून रोबोच्या बेअरिंगांत आणि एन्कोडरपर्यंत गेला की नुकसान होते. डी२ मधला बॉल काढून सिरॅमिकचा बसवला तर डी२ चा प्रोब मुका होतो. डी१ आणि डी२ शेजारी ठेवले म्हणून कोणी सिरॅमिक बॉलकडे जाणार नाही, उलट त्यापासून लांब जाईल.

एका टूलरूममधून बाद झालेला जुना प्रोब मागून आणला. मल्टिमीटरच्या दोन पिना कनेक्टरला लावल्या, बीप वाजला. स्टायलस बोटाने बाजूला ढकलला, बीप बंद. सोडला, पुन्हा बीप. फोटो काढून ठेवले. दोन मिनिटांचे काम, पण डी२ काय शिकवते हे यापेक्षा सरळ कशात दाखवता येत नाही.

२४ ऑक्टोबर

तुलनेची चाचणी फसली.

शोधक पायरीसाठी तांत्रिक फायदा आकड्यांत दाखवायचा होता. एकाच टॉर्चवर आधी नायलॉन रिंगचा माउंट, मग सिरॅमिक बॉलचा. कॉन्टॅक्ट टिपच्या जागी टोकदार पॉइंटर, त्याला काटकोनात दोन डायल इंडिकेटर. टॉर्च दोरीने ओढून माउंट उघडायचा, सोडायचा, आकडा घ्यायचा. ३० वेळा.

दोन्ही माउंटचे आकडे जवळपास सारखेच आले, दोन्हींत टोकाची फारकत ०.१५ ते ०.३० मिमी. चूक मांडणीत होती. चाचणी रोबोवर घेतली. माउंट उघडला की स्विच सुटतो, रोबो थांबतो, सर्व्हो बंद होऊन ब्रेक लागतात आणि प्रत्येक ब्रेकला हाताचा सांधा किंचित बसतो. इंडिकेटर तेच मोजत होते. भरीला एका इंडिकेटरचा चुंबकी स्टॅंड रंगवलेल्या पृष्ठभागावर उभा होता, तोही सरकत होता. सहा कामाचे दिवस आणि ग्राहकाच्या सेलची एक मागून घेतलेली शिफ्ट वाया गेली.

दिवाळीनंतर पुन्हा. यावेळी रोबो नको. २५ मिमी जाडीची प्लेट चिकलठाण्यात ग्राइंड करून घ्यायची, तिच्यावर रोबोच्या फ्लॅंजसारखी भोके आणि ६ मिमी डॉवेल, आणि सगळे सरफेस प्लेटवर.

१२ नोव्हेंबर

फॉर्म ३ भरला. मुदतीच्या सात दिवस आधी.

२ डिसेंबर

चाचणी नीट झाली. बसण्याच्या जागेपासून पॉइंटरच्या टोकापर्यंत ३४० मिमी. प्रत्येक माउंटच्या ३० फेऱ्या थंड अवस्थेत, ३० फेऱ्या ७० अंशांवर. टॉर्चच्या गळ्याजवळ सलग शिफ्टनंतर साधारण इतके तापमान मिळते. टोकाची सर्वांत जास्त फारकत:

नायलॉन रिंग: थंड ०.२१ मिमी, गरम ०.४८ मिमी.
सिरॅमिक बॉल: थंड ०.०५ मिमी, गरम ०.०७ मिमी.

१.२ मिमी वायरला टोक अर्ध्या व्यासाहून, म्हणजे ०.६ मिमीहून जास्त सरकले की सांधा चुकायला लागतो. नायलॉन एकट्यानेच त्यातला बराच वाटा खातो, जॉब आणि फिक्स्चरच्या चुकांना जागा उरत नाही.

मधे एक अडचण आली, तीही नोंदवतो. गरम फेऱ्यांत सिरॅमिकचा आकडा पहिल्यांदा ०.३० वर गेला. बॉल खळग्यात पाच मिनिटांच्या इपॉक्सीने चिकटवले होते, ते ६०-७० अंशांना मऊ पडते. बॉल डोळ्याला घट्ट दिसत होता, नखाने दाबल्यावर हलला. जास्त तापमानाची दोन भागांची इपॉक्सी लावून २४ तास ठेवली आणि आकडा खाली आला. बॉलखाली इपॉक्सी राहू देऊ नका. बॉल आधी खळग्याच्या कडेवर टेकवा, इपॉक्सी बाजूने सोडा.

दुसरी अडचण मेगरची, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरची. ५०० व्होल्टवर पहिल्या नमुन्याचा रोध जवळजवळ शून्य आला. बॉल सिरॅमिकचे, तरी वीज जातेच आहे. मधला स्प्रिंगचा बोल्ट लोखंडी आणि त्याचे डोके सरळ दुसऱ्या प्लेटवर टेकलेले. अर्ज भरायच्या आधीच हे सुधारून बोल्टखाली फायबर वॉशर टाकला होता आणि तो स्पेसिफिकेशनमध्येही आहे. चाचणीचा नमुना मात्र जुन्या खोक्यातला निघाला. वॉशर टाकल्यावर मेगर पूर्ण वर. हा वॉशर बॉल-खाचेच्या वाटेबाहेर आहे, म्हणून तो गरम होऊन दबला तरी टोक हलत नाही. क्लेमसाठी हा भाग महत्त्वाचा ठरला.

खर्च: बॉल २४० रुपये नग प्रमाणे सहा, १,४४०. प्लेट आणि ग्राइंडिंग ३,८००. इपॉक्सी आणि किरकोळ ९००. वेळ, फसलेले दिवस धरून, १३ दिवस.

२० डिसेंबर

क्लेम सुधारताना सर्वांत मोठी चूक समोर आली. खाचेत स्पॅटरचा (वेल्डिंगच्या उडालेल्या थेंबाचा) कण गेला तर काय होते त्याचा हिशेब: बॉल ३२ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर, म्हणजे एका बॉलपासून समोरच्या दोन बॉलच्या रेषेपर्यंत ४८ मिमी. ०.०५ मिमीचा कण एका बॉलखाली आला तर टोकाशी ०.०५ ÷ ४८ × ३४० = ०.३५ मिमी. म्हणून जून २०२४ पासून माउंटभोवती सिलिकॉन रबरचा घड्यांचा बूट बसवतो, तोही आतल्या बाजूला ओठ असलेला, म्हणजे माउंट उघडताना कण आत ओढला जात नाही. आता क्लेममध्ये हाच बूट टाकला असता तर डी१ आणि डी२ दोन्हींपासून सहज वेगळे झालो असतो.

टाकता येत नाही. बूट ८ एप्रिलच्या स्पेसिफिकेशनमध्ये नाही. कलम ५९ प्रमाणे सुधारलेला क्लेम आधी सांगितलेल्या गोष्टीत आणि आधीच्या क्लेमच्या कक्षेतच असावा लागतो. नवी वस्तू घुसवता येत नाही.

मग कलम ५४ चे जोड पेटंट पाहिले. मूळ शोधातल्या सुधारणेसाठी ते घेता येते आणि त्याला वेगळे नूतनीकरण शुल्क नसते. तेही हातचे गेले आहे. बूट बसवलेले चार माउंट जूनपासून ग्राहकाच्या लाइनवर उघड चालू आहेत, कोणीही वाकून पाहू शकतो. आपल्या कायद्यात विक्रीनंतर सरसकट सवलतीचा काळ नाही. सुधारणा सुचली की आधी अर्ज, मग माल. जून महिन्यात १,६०० रुपयांचा प्रोव्हिजनल पुरला असता.

६ जानेवारी २०२५

क्लेम १ नवा. मूळ क्लेम १, ४ आणि ७ एकत्र करून: तीन सिरॅमिक बॉल तीन व्ही खाचांत, दोन्ही प्लेटांमधला एकमेव स्थाननिश्चितीचा स्पर्श हे बॉलच, त्या वाटेवर वीज अडवणारा घटकही हेच बॉल, लवचीक साधन वाटेबाहेरच्या इन्सुलेटिंग वॉशरवर टेकलेले, आणि धडक ओळखणारा स्विच बॉलच्या स्पर्शापासून वेगळा. क्लेम १४ वरून ६ वर आले.

‘एकमेव’ या शब्दावर दोन दिवस गेले. तो मूळ क्लेममध्ये नव्हता. आधार नसताना शब्द टाकला तर नवा आक्षेप येतो. शेवटी परिच्छेद २३ मध्ये एक वाक्य सापडले: बंद अवस्थेत प्लेटा एकमेकींना कुठेही टेकत नाहीत, त्यांच्यात १.५ मिमी फट राहते. आकृती ३ च्या छेदातही फट दिसते. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो, म्हणून आधी मराठीत सगळे लिहून मग इंग्रजी केले होते. हे वाक्य मराठी मसुद्यात फिटरच्या सांगण्यावरून आलेले. ‘फट ठेवली नाही तर पावडर कोटिंगचा थर मधे येतो’ असे त्याचे म्हणणे होते. इंग्रजी करताना ते कापले जाणार होते, कारण त्याचा शोधाशी संबंध नाही असे वाटले. आज पूर्ण क्लेम त्या वाक्यावर उभा आहे. स्पेसिफिकेशन लिहिताना असली वाक्ये कापू नका. कुठे काय टेकते, कुठे टेकत नाही, कुठे किती फट, हे सगळे पहिल्या दिवशी लिहा.

२२ जानेवारी

३(एफ) चे उत्तर. कलमाचे शब्द बघा: प्रत्येक वस्तू आपापले काम वेगवेगळे, माहीत असलेल्या पद्धतीने करत असेल तर ती नुसती मांडणी. म्हणून भाग एकमेकांवर कसे अवलंबून आहेत ते दाखवायचे. बॉल वीज अडवतो म्हणून रिंग लागत नाही. रिंग नाही म्हणून टोक गरमीत हलत नाही. बॉल वीज अडवतो म्हणूनच धडक ओळखायला प्रोबसारखा बॉलचा स्पर्श वापरता येत नाही, स्विच वेगळा करावा लागतो. स्प्रिंगच्या बोल्टमधून वीज पळू नये म्हणून वॉशर, आणि वॉशर दबला तरी चालावे म्हणून तो वाटेबाहेर. एक काढला की दुसरा निकामी. ‘आमची वस्तू फार उपयोगी आहे’ हा परिच्छेद मसुद्यातून काढून टाकला. त्याने काही सिद्ध होत नाही.

चाचणीचे आकडे शपथपत्रावर. नोटरी केले. शपथपत्रात यंत्रांची नावे, इंडिकेटरचे कॅलिब्रेशन, फेऱ्यांची संख्या, तापमान कसे मोजले, सगळे. फसलेली चाचणी दिली नाही, पण तिची वही जपून ठेवली आहे.

४ फेब्रुवारी

उत्तर अपलोड करायला बसलो तर डिजिटल सही २ तारखेला संपलेली. नवी घ्यायला, व्हिडिओ पडताळणीसकट, तीन दिवस. ७ फेब्रुवारीला उत्तर गेले. सोबत सुधारलेल्या पानांची स्वच्छ प्रत, खुणा केलेली प्रत, आणि प्रत्येक बदल मूळ स्पेसिफिकेशनच्या कुठल्या परिच्छेदातून घेतला त्याचा तक्ता. हा तक्ता द्याच. आकृतीचे दुसरे पान शब्द काढून नव्याने दिले.

२७ मार्च

सुनावणीची नोटीस, १६ एप्रिल, व्हिडिओवर. नावीन्याचा आक्षेप आणि ३(एफ) गेले. उरले दोन: डी१ अधिक डी२ वरून शोधक पायरी, आणि क्लेम ४ मधला ‘कठीण’ हा शब्द.

१६ एप्रिल

मुंबईच्या अॅंटॉप हिल कार्यालयातल्या कंट्रोलरसमोर सुनावणी, आम्ही वाळूजमधून. पंचवीस मिनिटे.

पहिला प्रश्न थेट होता: डी२ मधले बॉल सिरॅमिकचे करणे ही पदार्थाची साधी अदलाबदल नाही का? उत्तर तक्त्यातले दिले. बॉल सिरॅमिकचे केले की डी२ ची खूणच बंद पडते. जुन्या प्रोबचे मल्टिमीटरचे फोटो दाखवले. दुसरा प्रश्न: गरमीतल्या स्थिरतेचा फायदा मूळ स्पेसिफिकेशनमध्ये कुठे आहे? परिच्छेद १९ वाचून दाखवला, ‘नायलॉनची रिंग तापून व दबून टीसीपी सरकतो, प्रस्तुत रचनेत ती रिंगच नाही.’ आकडे तिथे नव्हते, परिणाम मात्र सांगितलेला होता. म्हणून नंतरचे आकडे त्याला दुजोरा म्हणून चालले. परिणामच लिहिलेला नसता तर शपथपत्राचा उपयोग झाला नसता.

‘कठीण’ च्या जागी ‘किमान ५८ एचआरसी’ (कठीणपणाचे माप) घ्यायची तयारी दाखवली. तो आकडा परिच्छेद २० मध्ये होता.

सुनावणीच्या वेळी परिच्छेदांचे क्रमांक लिहिलेला एकच कागद समोर ठेवा. आम्ही पूर्ण फाइल स्क्रीनवर उघडली होती आणि परिच्छेद १९ शोधण्यात मिनिट गेले.

२५ एप्रिल

लेखी म्हणणे सुनावणीपासून १५ दिवसांत द्यायचे, म्हणजे १ मे पर्यंत. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवले नाही. चार पाने. सुनावणीत जे बोललो तेच, नवीन मुद्दा एकही नाही. क्लेम ४ सुधारून.

२४ जून

पेटंट मंजूर. सहा क्लेम.

पुढच्या तारखा बोर्डावर: मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, म्हणजे ८ एप्रिल २०४४ पर्यंत. तिसऱ्या वर्षाचे नूतनीकरण ८ एप्रिल २०२६ च्या आत, लघुउद्योगाला ८०० रुपये. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती विरोध दाखल करू शकते, तोवर चाचणीचे दोन्ही नमुने, फसलेल्या चाचणीची वही आणि जुना प्रोब कपाटातून हलवायचे नाहीत. वस्तू प्रत्यक्ष वापरात आहे का ते सांगणारा फॉर्म २७ आता तीन आर्थिक वर्षांचा एकदा. आमचा पहिला २०२६-२७ ते २०२८-२९ चा, ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत.

बूट अजून पेटंटच्या संरक्षणाशिवाय उघडा आहे. त्याच्या आतल्या ओठाचा नवा प्रकार बेंचवर चालू आहे, तो अजून कुठल्याही लाइनवर बसवलेला नाही. त्याचा प्रोव्हिजनल पुढच्या आठवड्यात.